दुर्मीळ स्पोर्ट्स मोटारीतील स्टार्टर मोटरची पुनर्स्थापना : सातारा-सांगली परिसरातील दुरुस्ती-कौशल्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या मोटारींचे सुटे भाग बाजारात सहज मिळतात. मोजक्या संख्येने तयार झालेल्या मोटारींची स्थिती मात्र वेगळी असते. काही हजार रुपयांचा एखादा भाग न मिळाल्याने संपूर्ण वाहन वर्षानुवर्षे शेडमध्ये पडून राहते. स्टार्टर मोटर हा असाच एक भाग होय. गोव्यात तयार झालेली 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनी स्पोर्ट्स मोटार उदाहरणादाखल घेऊन स्टार्टर मोटरचे कार्य, तिच्यातील दोषांचे निदान, पर्यायी मोटरची निवड आणि या कामी सातारा व सांगली जिल्ह्यांतील कारागिरीचे महत्त्व यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : स्टार्टर मोटर, सॅन स्टॉर्म, सुटे भाग, आर्मेचर, दुरुस्तीचा हक्क, स्थानिक कारागिरी.

१. प्रस्तावना :
मोटार ही हजारो सुट्या भागांनी बनलेली वस्तू आहे. तथापि यांपैकी काही भाग असे आहेत की, त्यांच्या अभावी उरलेले सर्व भाग निरुपयोगी ठरतात. इंजिन उत्तम स्थितीत आहे, गिअरबॉक्स सुस्थितीत आहे, टायर नवे आहेत. परंतु किल्ली फिरविल्यावर केवळ 'टक्' असा आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही. अशा वेळी त्या वाहनाचे मूल्य स्टार्टर मोटर या एका भागावर अवलंबून राहते. सातारा-सांगली परिसरातील गॅरेजमध्ये या भागास 'सेल्फ' असे म्हणतात. 'सेल्फ घेत नाही' ही तक्रार ट्रॅक्टरच्या बाबतीत जितकी परिचित आहे तितकीच ती स्पोर्ट्स मोटारीच्या बाबतीतही संभवते. फरक इतकाच की, ट्रॅक्टरचा सेल्फ तालुक्याच्या गावी मिळतो. दुर्मीळ स्पोर्ट्स मोटारीचा मिळत नाही.

भारतात स्पोर्ट्स मोटारींच्या निर्मितीचे जे थोडे प्रयत्न झाले त्यांतील दोन महत्त्वाचे प्रयत्न महाराष्ट्र व गोवा या परिसराशी निगडित आहेत. पहिला प्रयत्न म्हणजे १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने गोव्यातून बाजारात आणलेली 'सॅन स्टॉर्म' आणि दुसरा म्हणजे २०१२ च्या दिल्ली येथील ऑटो एक्स्पोमध्ये डीसी डिझाईनने मांडलेली व पुढे पुणे परिसरात तयार झालेली 'डीसी अवंती'. या दोन्ही मोटारींमध्ये एक समान सूत्र आढळते. बाह्यांग व रचना भारतीय निर्मात्याची, इंजिन मात्र फ्रान्समधील रेनॉ कंपनीचे. या सूत्रामुळे त्यांच्या सुट्या भागांचा प्रश्न निर्माण झाला आणि, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, त्याच सूत्रात त्या प्रश्नाचे उत्तरही दडलेले आहे.

२. उद्दिष्टे :
(१) स्टार्टर मोटरची रचना व कार्यपद्धती स्पष्ट करणे.
(२) दुर्मीळ मोटारींच्या बाबतीत सुट्या भागांची टंचाई कोणत्या कारणांनी निर्माण होते याचा शोध घेणे.
(३) मोटर बदलण्यापूर्वी करावयाचे निदान व पर्यायी मोटर निवडण्याचे निकष मांडणे.
(४) सातारा व सांगली जिल्ह्यांतील यांत्रिक कौशल्याचे या संदर्भातील स्थान तपासणे.

३. अभ्यासाची पद्धती व व्याप्ती :
प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विद्युतशास्त्र व यंत्रशास्त्रातील सर्वमान्य तत्त्वे आणि वाहन उद्योगाविषयीची प्रसिद्ध माहिती हा विवेचनाचा आधार आहे. पेट्रोल इंजिनाच्या व बारा व्होल्टच्या विद्युतव्यवस्थेच्या मोटारींपुरतीच लेखाची व्याप्ती मर्यादित आहे.

४. स्टार्टर मोटर : पूर्वपीठिका व रचना :
अंतर्ज्वलन इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. सिलिंडरमध्ये हवा व इंधन यांचे मिश्रण ओढले जाणे, ते दाबले जाणे व त्यात ठिणगी पडणे या क्रिया घडण्यासाठी प्रथम बाहेरून क्रँकशाफ्ट फिरवावा लागतो. सुरुवातीच्या काळात हे काम हँडलने केले जाई. हँडल उलट फिरून मनगट मोडण्याचे अपघात त्या काळी घडत असत. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारी स्टार्टर व्यवस्था विकसित केली व १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत ती प्रथम नियमितपणे बसविण्यात आली. त्यानंतर व्हिन्सेंट बेंडिक्स यांनी लहान दातेरी चाक आपोआप पुढे सरकून फ्लायव्हीलला भिडण्याची युक्ती प्रचारात आणली. आजच्या मोटारींतील यंत्रणा तिच्याहून बरीच निराळी असली तरी 'बेंडिक्स' हा शब्द आपल्याकडील गॅरेजमध्ये रूढ होऊन बसला आहे.

स्टार्टर मोटरचे तीन प्रमुख घटक आहेत. पहिला घटक म्हणजे प्रत्यक्ष विद्युतमोटर. तिच्यात तांब्याच्या जाड तारांचे वेटोळे असलेले आर्मेचर, त्याच्या टोकाला कॉम्युटेटर आणि त्यावर घासणारे कार्बन असतात. आर्मेचरभोवतीचे चुंबकीय क्षेत्र जुन्या मोटरमध्ये वेटोळ्यांनी, तर अलीकडच्या मोटरमध्ये कायम चुंबकांनी निर्माण केले जाते. दुसरा घटक म्हणजे सोलेनॉइड. किल्ली फिरविताच तो दोन कामे करतो. एका तरफेने पिनियन पुढे ढकलतो आणि बॅटरी व मोटर यांच्यातील जाड तांब्याचे संपर्क जोडतो. तिसरा घटक म्हणजे पिनियन व त्यास जोडलेला एकदिशा क्लच.

या क्लचचे महत्त्व एका साध्या गणिताने ध्यानात येईल. पिनियनला १० व फ्लायव्हीलच्या रिंगला १२० दाते आहेत असे मानले, तर गुणोत्तर १२ होते. इंजिन मिनिटाला २०० फेऱ्यांनी फिरवावयाचे असल्यास पिनियन २४०० फेऱ्यांनी फिरावे लागते. परंतु इंजिन सुरू होऊन त्याचा वेग २५०० फेऱ्यांवर गेला आणि पिनियन रिंगमध्येच अडकून राहिला, तर त्याचा वेग ३०,००० फेऱ्यांवर जाईल. एवढ्या वेगाने आर्मेचर फिरल्यास त्याची वेटोळी उखडून मोटर कायमची निकामी होईल. एकदिशा क्लच ही आपत्ती टाळतो. कारण तो मोटरकडून इंजिनाकडे शक्ती जाऊ देतो, उलट दिशेने जाऊ देत नाही.

५. टंचाईची कारणमीमांसा : सॅन स्टॉर्मचे उदाहरण :
सॅन स्टॉर्म ही फायबरग्लासच्या बॉडीची, छप्पर काढता येण्याजोगी, दोन आसनी मोटार होती. तिच्यात रेनॉचे 'डी-७-एफ' या सांकेतिक नावाचे ११४९ घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन बसविले होते व त्याची शक्ती सुमारे ६० अश्वशक्ती होती. केवळ आकड्यांवरून पाहता ही शक्ती फार नाही; परंतु हलके बाह्यांग व लहान आकार यांमुळे तिला स्पोर्ट्स मोटारीचे रूप प्राप्त झाले. तिचे उत्पादन मर्यादित राहिले व कालांतराने ते थांबले.

या मोटारीच्या सुट्या भागांची टंचाई तीन कारणांनी निर्माण झाली. पहिले कारण अल्प उत्पादनाचे. ज्या भागास गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येण्याचा संभव, तो भाग कोणताही दुकानदार साठवून ठेवत नाही. दुसरे कारण असे की, सॅन स्टॉर्म बाजारात आली तेव्हा रेनॉच्या मोटारींची विक्री व सेवा यांचे जाळे भारतात नव्हते. महिंद्राच्या सहकार्याने 'लोगन' ही मोटार २००७ मध्ये आली. परंतु तिची पेट्रोल इंजिने १.४ व १.६ लिटरची, वेगळ्या कुळातील होती. पुढे २०१५ मध्ये आलेल्या क्विडचे इंजिनही निराळेच. त्यामुळे रेनॉ भारतात येऊनही डी-७-एफ इंजिनाच्या भागांना येथे बाजारपेठ मिळाली नाही. तिसरे कारण माहितीच्या अभावाचे आहे. अल्प उत्पादन करणारा निर्माता स्टार्टर, अल्टरनेटर, दिवे, काचा हे भाग निरनिराळ्या ठिकाणांहून खरेदी करतो. कोणता भाग मूळ कोणत्या मोटारीचा, ही नोंद मालकाच्या हाती क्वचितच येते.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा स्पष्ट होतो. 'सॅन स्टॉर्मचा सेल्फ' या नावाने शोध घेतल्यास हाती काही लागणार नाही. परंतु हेच इंजिन युरोपात रेनॉच्या ट्विंगो व क्लिओ या मोटारींमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. म्हणजे मोटार दुर्मीळ असली तरी तिचे इंजिन दुर्मीळ नाही. सुटा भाग मोटारीच्या नावाने न शोधता इंजिनाच्या व मूळ भाग-निर्मात्याच्या क्रमांकाने शोधणे, हा या प्रश्नाच्या सोडवणुकीचा पहिला नियम होय. डीसी अवंतीच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. कारण तिच्यातील दोन लिटरचे टर्बो इंजिनही रेनॉच्याच कुळातील आहे.

६. दोष मोटरमध्ये की अन्यत्र? :
दुर्मीळ भागाच्या शोधात निघण्यापूर्वी तो खरोखरच बिघडला आहे काय, याची खात्री करणे अगत्याचे आहे. स्टार्टर मोटर निकामी झाल्याचे भासणाऱ्या अनेक प्रसंगी मूळ दोष बॅटरी, केबल किंवा अर्थिंग यांत असतो.

इंजिन फिरविताना लहान मोटारीची स्टार्टर मोटर साधारणपणे शंभर ते दोनशे अँपिअर प्रवाह घेते आणि सुरुवातीच्या क्षणी हा प्रवाह याहूनही अधिक असतो. एवढ्या प्रवाहाच्या मार्गात अत्यल्प रोधही मोठा अडथळा ठरतो. समजा, गंजलेल्या टर्मिनलचा रोध एका ओहमचा शंभरावा भाग आहे. १५० अँपिअर प्रवाह वाहताना त्या एका जोडावर दीड व्होल्ट दाब खर्ची पडेल. भाराखाली बॅटरीचा दाब साडेदहा व्होल्टवर आला असेल, तर मोटरला केवळ नऊ व्होल्ट मिळतील आणि ती मंद फिरेल किंवा फिरणारच नाही. साध्या दिव्याने तपासणी केल्यास हा दोष सापडत नाही. कारण दिव्याला लागणारा प्रवाह अगदी थोडा असतो व तो गंजलेल्या जोडातूनही सहज वाहतो.

फायबरग्लासच्या बॉडीच्या मोटारीत या मुद्द्यास विशेष महत्त्व आहे. पत्र्याच्या बॉडीच्या मोटारीत संपूर्ण बॉडीच परतीच्या प्रवाहाचा मार्ग बनते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. त्यामुळे बॅटरीचे ऋण टोक, चासी व इंजिन यांना जोडणाऱ्या मोजक्या केबल व पट्ट्या यांवरच सर्व भिस्त असते. कोकण-गोव्याच्या दमट व खाऱ्या हवेत काही वर्षे काढलेल्या मोटारीत या पट्ट्यांचे जोड आतून हिरवे पडलेले असणे स्वाभाविक आहे. अशी मोटार घाट चढून साताऱ्यास आली आणि येथे 'सेल्फ गेला' असे निदान झाले, तर दोष मोटरचा नसून दोन बोल्टच्या एका पट्टीचा असण्याचा संभव दुर्लक्षून चालणार नाही.

यासाठी तपासणीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम बॅटरी पूर्ण भारित करून इंजिन फिरवितानाचा तिचा दाब मोजावा. तो साधारण साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असल्यास बॅटरी संशयास्पद मानावी. नंतर किल्ली फिरविलेल्या स्थितीत धन केबलच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक मोजावा. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक नसावा. त्यानंतर इंजिनाचा ठोकळा व बॅटरीचे ऋण टोक यांमधील फरक पाहावा. तो याहूनही कमी असला पाहिजे. पुढे किल्लीकडून सोलेनॉइडला येणाऱ्या बारीक तारेवर पुरेसा दाब पोहोचतो काय ते तपासावे. हे सर्व ठीक असूनही केवळ 'टक्' असा आवाज येत असेल, तर सोलेनॉइडचे संपर्क, कार्बन किंवा आर्मेचर यांत दोष आहे असे समजण्यास हरकत नाही. इंजिनच जाम झालेले नाही, याची खात्री मात्र क्रँकशाफ्ट हाताने फिरवून करून घ्यावी.

रस्त्यात अडकल्यावर सेल्फवर हातोडीने हलके ठोके मारण्याचा उपाय सर्वश्रुत आहे. अडकलेले कार्बन त्यामुळे सुटतात व मोटर एखाद वेळा फिरते, हे खरे आहे. तथापि कायम चुंबकाच्या मोटरमध्ये चुंबक ठिसूळ असतात. ठोक्याने त्यांना तडा गेल्यास दुरुस्त होण्याजोगी मोटर कायमची निकामी होते. मोटर दुर्मीळ असताना हा उपाय टाळणेच इष्ट.

धक्का देऊन गाडी सुरू करणे हाही तात्पुरताच मार्ग आहे. इंधन-प्रक्षेपण असलेल्या इंजिनात पंप व नियंत्रक यांना बॅटरीची वीज लागतेच, आणि न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये गेल्यास उत्प्रेरक परिवर्तकास इजा पोहोचू शकते. शिवाय खंबाटकी किंवा कुंभार्ली घाटाच्या चढावर इंजिन बंद पडल्यास धक्का देण्यास माणसे आणि जागा दोन्हींची वानवा असते. म्हणून हा प्रश्न केवळ सोयीचा नसून सुरक्षिततेचाही आहे.

७. उपलब्ध पर्याय :
दोष मोटरमध्येच आहे असे निश्चित झाल्यावर तीन पर्याय उरतात.

(अ) मूळ मोटरची पुनर्बांधणी : हा पर्याय सर्वप्रथम विचारात घ्यावा. स्टार्टर मोटरमध्ये झिजणारे भाग थोडेच असतात. कार्बन, दोन्ही टोकांचे बुश, सोलेनॉइडचे तांब्याचे संपर्क, एकदिशा क्लच व कॉम्युटेटरचा पृष्ठभाग हे ते भाग होत. कार्बन मूळ मापाचे न मिळाल्यास मोठ्या मापाचे घासून बसविता येतात. मात्र ते स्टार्टरसाठी असलेल्या, तांब्याचे प्रमाण अधिक असणाऱ्या प्रतीचेच असावेत. कॉम्युटेटर लेथवर अत्यल्प कापून गुळगुळीत करावा व पट्ट्यांमधील अभ्रक थोडे खाली घ्यावे. बुश कांस्याचे नवे करून घेता येतात. आर्मेचर जळले असल्यास त्याचे पुन्हा वायंडिंग करता येते. परंतु तारेची जाडी व वेढ्यांची संख्या मूळची ठेवणे बंधनकारक आहे. कायम चुंबक फुटले असल्यास मात्र पुनर्बांधणीचा मार्ग बहुधा खुंटतो.

(आ) त्याच इंजिनाच्या अन्य मोटारीची मोटर मागविणे : जुन्या मोटरवरील पट्टीवर मूळ निर्मात्याचा क्रमांक कोरलेला असतो. या क्रमांकावरून समतुल्य क्रमांक शोधता येतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्टार्टर मोटर इंजिनाला जोडलेली भासली तरी बहुतेक मोटारींत ती गिअरबॉक्सच्या घंटाकृती कवचावर बसते. म्हणून केवळ इंजिनाचा संकेत जुळणे पुरेसे नाही. गिअरबॉक्सचा प्रकार व फ्लायव्हीलची रिंगही जुळली पाहिजे.

(इ) अन्य मोटारीच्या मोटरचे अनुकूलन : मूळ वा समतुल्य मोटर न मिळाल्यास भारतात सहज मिळणारी मोटर जोडपट्टीच्या साहाय्याने बसविण्याचा विचार करता येतो. लुकास टीव्हीएस ही कंपनी १९६१ पासून भारतात वाहनांची विद्युत उपकरणे बनवीत आहे आणि तिच्या व इतर कंपन्यांच्या मोटरचे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात. हा पर्याय आकर्षक असला तरी तोच सर्वाधिक काळजीचा आहे.

८. जुळणीचे निकष :
पर्यायी मोटर निवडताना पुढील बाबी एकेक करून तपासाव्यात.

पहिली बाब फिरण्याच्या दिशेची. पिनियनच्या बाजूने पाहता मूळ मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने नवी फिरली पाहिजे. तारा उलट जोडून दिशा बदलता येईल असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. वेटोळ्यांच्या मोटरमध्ये दोन्ही टोके उलटी जोडल्यास क्षेत्र व आर्मेचर या दोहोंतील प्रवाह एकदम उलटतात व दिशा तीच राहते. कायम चुंबकाच्या मोटरची दिशा बदलते खरी. परंतु एकदिशा क्लच त्या दिशेने शक्ती देत नाही व मोटर नुसतीच फिरत राहते.

दुसरी बाब दात्यांची. दात्यांची संख्या व दात्याचा आकार म्हणजे मॉड्यूल या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. दोन दातेरी चाकांच्या केंद्रांतील अंतर हे मॉड्यूल गुणिले एकूण दाते भागिले दोन असे असते. मॉड्यूल २ मिलिमीटर, रिंगचे दाते १२० आणि पिनियनचे ९ असल्यास हे अंतर १२९ मिलिमीटर येते. पिनियनचे दाते १० असल्यास १३० मिलिमीटर. बोल्टची छिद्रे तीच राहिली तर एका मिलिमीटरच्या फरकाने दाते एकमेकांत रुततात किंवा वरवर घासून झिजतात. मोटर नवी मिळते, पण फ्लायव्हीलची रिंग खराब झाल्यास ती बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर मोठ्या खर्चात होते ते असे.

तिसरी बाब खोलीची. विश्रांतीच्या स्थितीत पिनियन व रिंग यांच्यात काही मिलिमीटर मोकळी जागा हवी आणि पुढे सरकल्यावर पिनियनचा बहुतांश दाता रिंगमध्ये गुंतला पाहिजे. जोडपट्टीची जाडी या दोन मापांवरूनच ठरवावी. हाताशी असलेल्या पत्र्याच्या जाडीवरून नव्हे.

चौथी बाब शक्तीची. मूळ मोटरहून फार कमी शक्तीची मोटर इंजिन फिरवू शकणार नाही. फार अधिक शक्तीची मोटर केबल व बॅटरी यांवर ताण आणील. ग्रहमालिका पद्धतीच्या गिअरची लहान मोटर कमी जागेत अधिक बल देते, म्हणून अरुंद जागेत ती सोयीची ठरते.

पाचवी बाब जागा व उष्णतेची. स्पोर्ट्स मोटारींत इंजिनाभोवती जागा थोडी असते आणि एक्झॉस्टचा पाइप जवळून जातो. ज्या मोटारींत इंजिन आसनांच्या मागे असते तेथे वाऱ्याचा झोत थेट लागत नाही. सोलेनॉइड तापल्यास त्याच्या वेटोळ्याचा रोध वाढतो व गरम इंजिन पुन्हा सुरू होत नाही. 'थंड असताना घेते, गरम झाल्यावर घेत नाही' या तक्रारीचे हे एक प्रमुख कारण आहे. मोटर व एक्झॉस्ट यांच्यामध्ये उष्णतारोधक पत्रा असल्यास तो पुन्हा बसविण्यास विसरू नये.

प्रत्यक्ष काम करताना बॅटरीचे ऋण टोक आधी सोडविणे व सर्वांत शेवटी जोडणे हा नियम काटेकोरपणे पाळावा. स्टार्टरच्या जाड केबलवर फ्यूज नसतो. पाना चुकून चासीला टेकल्यास मोठी ठिणगी पडून आग लागण्याचा धोका असतो. नवी मोटर बसविण्यापूर्वी ती बाकावर चालवून पाहावी. कवचाचा पृष्ठभाग घासून स्वच्छ करावा. कारण बहुतेक मोटरचा परतीचा प्रवाह याच पृष्ठभागातून जातो. त्यावर रंग लावल्यास काम दिसायला नीटनेटके होते, पण मोटर फिरत नाही.

९. सातारा-सांगली परिसरातील कारागिरी :
वरील तिन्ही पर्यायांना लेथ, वायंडिंग व मापन यांची जाण असलेला कारागीर लागतो. या दृष्टीने सातारा व सांगली जिल्ह्यांची परंपरा लक्षणीय आहे. औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये वसविलेली, आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये सातारा येथे उभा केलेला कारखाना. कराडनजीकच्या ओगलेवाडीचा काचकारखाना. १९४७ मध्ये सुरू झालेले व पुढे वालचंद या नावाने ओळखले जाणारे सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९६० चे कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांनी या परिसरात यंत्रविषयक जाणिवेची पायाभरणी केली. शेजारच्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' ही छोटी मोटार स्वप्रयत्नाने तयार केली, ही घटनाही याच परंपरेची साक्ष देते.

याखेरीज उसाच्या अर्थव्यवस्थेने एक वेगळीच कार्यशाळा निर्माण केली आहे. गळीत हंगामात ऊस वाहणारा ट्रॅक्टर एक दिवस उभा राहिला तरी तोडणी टोळीसह सर्वांचेच नुकसान होते. त्यामुळे ट्रॅक्टरचा सेल्फ त्याच दिवशी उघडून, कार्बन व बुश बदलून, गरज पडल्यास आर्मेचर भरून परत देणारे ऑटो इलेक्ट्रिशियन सांगली, मिरज, कराड, सातारा या बाजारपेठांत टिकून राहिले. मिरज व कुपवाड येथील औद्योगिक वसाहतींत जोडपट्टी मापानुसार कापून देणारे लेथ व मिलिंगचे कारखाने आहेत. दुर्मीळ स्पोर्ट्स मोटारीच्या मालकाला जे हवे असते ते मोठ्या शहरातील चकचकीत शोरूममध्ये नसून बहुधा येथेच असते. शोरूममध्ये संपूर्ण भाग बदलण्याची रीत आहे. येथे भाग उघडून पाहण्याची आहे.

तथापि ही कारागिरी धोक्यात आहे हे नमूद केले पाहिजे. नवीन सुटा भाग स्वस्त झाला की, तो दुरुस्त करण्याची मजुरी ग्राहकास महाग वाटू लागते. अनेक नव्या मोटर न उघडता येण्याजोग्या जुळणीच्या असतात. वायंडिंगचे काम वेळखाऊ व डोळ्यांना शिणविणारे असल्याने पुढील पिढी त्याकडे वळण्यास अनुत्सुक असते. हे कौशल्य लुप्त झाल्यास त्याचा फटका केवळ स्पोर्ट्स मोटारींच्या हौशी मालकांना बसणार नाही. निर्मात्याने उत्पादन बंद केलेला जुना ट्रॅक्टर, पाण्याचा पंप, लहान मळणी यंत्र यांचे आयुष्यही याच हातांवर अवलंबून आहे.

१०. कायदेशीर बाजू :
सुट्या भागांच्या उपलब्धतेचा प्रश्न भारतात कायदेशीर पातळीवरही आला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश देताना स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग व निदानसाधने उपलब्ध करून देण्याचा आग्रह धरला व सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड आकारला. या आदेशास पुढे अपिलांमध्ये आव्हान देण्यात आले. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी, घरगुती टिकाऊ वस्तू व वाहने ही चार क्षेत्रे तिच्या विचारार्थ ठेवली. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांची एक मर्यादाही आहे. निर्माता भाग देत नसेल तर कायदा त्यास भाग पाडू शकतो. भाग बनविणाराच उरला नसेल तर कायदा कोणास आदेश देणार?

वाहनमालकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्टार्टर मिळत नाही म्हणून संपूर्ण इंजिनच दुसऱ्या मोटारीचे बसविण्याचा सल्ला कधी कधी दिला जातो. नोंदणीपत्रात इंजिन क्रमांकाची नोंद असते. म्हणून इंजिन बदलण्यास परिवहन कार्यालयाची परवानगी व तशी नोंद आवश्यक ठरते. स्टार्टर मोटरचा क्रमांक नोंदणीपत्रात नसतो. सबब कायद्याच्या दृष्टीनेही लहान भागाची दुरुस्ती हाच सुलभ मार्ग आहे.

११. निष्कर्ष :
(१) दुर्मीळ मोटारीचा प्रत्येक भाग दुर्मीळ नसतो. मोटारीचे नाव बाजूला ठेवून इंजिन, गिअरबॉक्स व मूळ भाग-निर्माता यांच्या क्रमांकांवरून शोध घेतल्यास टंचाई बऱ्याच अंशी दूर होते.
(२) फायबरग्लासच्या बॉडीच्या मोटारीत अर्थिंगचा दोष स्टार्टरचा दोष म्हणून गणला जाण्याचा धोका अधिक असतो.
(३) मूळ मोटरची पुनर्बांधणी, समतुल्य मोटर व अनुकूलन हा पर्यायांचा योग्य क्रम होय.
(४) अनुकूलनात दिशा, दाते, खोली, शक्ती व उष्णता या पाचही बाबी जुळल्या नाहीत, तर मूळ दोषापेक्षा मोठी हानी संभवते.
(५) सातारा-सांगली परिसरातील वायंडिंग व लेथचे कौशल्य हे अशा वाहनांचे आणि शेतीच्या जुन्या यंत्रांचेही आधारस्थान आहे.

१२. शिफारशी :
दुर्मीळ मोटारीच्या मालकाने वाहन सुस्थितीत असतानाच स्टार्टर, अल्टरनेटर व पंप यांवरील क्रमांक एका वहीत नोंदवून ठेवावेत. भाग जळाल्यावर किंवा पट्टी गंजल्यावर ही माहिती मिळणे कठीण होते. भाग बदलल्यास जुना भाग भंगारात न देता जपून ठेवावा, कारण तोच पुढील कारागिरासाठी नमुना ठरतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ऑटो इलेक्ट्रिकलच्या अभ्यासक्रमात आर्मेचर वायंडिंग व दाब-ऱ्हासाची चाचणी यांच्या प्रात्यक्षिकांना स्थान द्यावे आणि त्यासाठी बाजारपेठेतील अनुभवी कारागिरांना अतिथी मार्गदर्शक म्हणून पाचारण करावे.

१३. समारोप :
स्टार्टर मोटर प्रत्येक प्रवासात अवघे दोन-तीन सेकंद काम करते व नंतर विस्मरणात जाते. ज्या कारागिरांवर तिची दुरुस्ती अवलंबून आहे त्यांचीही समाजाला आठवण गाडी बंद पडल्यावरच होते. गोव्यात तयार झालेली एक छोटी स्पोर्ट्स मोटार पंचवीस वर्षांनंतर सातारा-सांगलीच्या रस्त्यावर पुन्हा धावू शकते की नाही, हे युरोपातील एखाद्या गोदामावर जितके अवलंबून आहे तितकेच ते मिरजेच्या वा कराडच्या एखाद्या लहान दुकानातील हातांवरही अवलंबून आहे. गोदामातील साठा कधी ना कधी संपणारच आहे. हातांतील कौशल्य मात्र शिकविले तर वाढते, आणि ते शिकविण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती वेळीच ओळखणे गरजेचे आहे.